गाडीखान्यातली हवा

आमच्या घराला लागून गाडीखाना आहे. त्यात गाडी नाही. वडिलांच्या वेळी एक टांगा होता आणि तो ओढायला एक कायम रुसलेला घोडा होता. घोडा गेला, टांगा विकला, आणि घराण्याची इभ्रत म्हणून 'गाडीखाना' हा शब्द तेवढा आम्ही जपून ठेवला. तिथं मी पेट्या दुरुस्त करतो. पेट्या म्हणजे वाजवायच्या पेट्या. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण मागं एकदा एक पावणे आपल्या ट्रंकेचं कुलूप घेऊन आले होते आणि मी त्यांना 'कोणती पट्टी?' म्हणून विचारलं होतं.

तशी जन्मभर मी दरबारच्या दप्तरात कारकुनी केली. पण अख्खी पेठ मला पेटीमास्तर म्हणूनच ओळखते. कारकुनीबद्दल कोणी चांगलं बोलत नाही, वाईटही बोलत नाही, म्हणून मीही तो विषय काढत नाही.

पेटी सुरात लावणं हे काम बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. आतला सूर, म्हणजे पितळेची बारीक जीभ, काढायचा, लाकडी खोक्यावर बसवायचा, हवा देऊन वाजवायचा, चढा असला तर बुडाशी आणि उतरता असला तर टोकाशी कानशीनं किंचित घासायचा, परत हवा, परत घासणं. अडचण एवढीच की हवा एकसारखी लागते. ती कमीजास्त झाली की सूर हलतो, आणि माणूस बरोबर असलेला सूर घासत बसतो. मला देवानं दोन हात दिले. एका हातात सूर, दुसऱ्यात कानस. भात्याला हात उरत नाही.

तो हात आमच्या घरी होता. आमची मंडळी पाटावर बसून भाता ओढायची. 'मला गाण्यातलं काय कळतंय' असं ती स्वतःच म्हणायची, पण हवा अशी सोडायची की पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सूर जागचा हलायचा नाही. भाता ओढता ओढता ती दुसऱ्या हातानं तांदूळ निवडायची, आणि माझ्या बहिणींच्या वागणुकीबद्दल बोलायची. मी कधी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात खिळे असायचे. तापाची ती मोठी साथ आली त्यात ती गेली. चार दिवस लोक येऊन बसले, मग आपापल्या घरी गेले, ते बरोबरच आहे. गाडीखान्यात पाट तसाच होता. मला फार एकटं वाटायला लागलं, आणि पेट्याही बिघडायला लागल्या.

म्हणजे मीच त्या बिघडवत होतो. पायानं भाता दाबायचा आणि हातानं घासायचं असा एक प्रकार मी करून बघितला. वरच्या अंगाला समजेना खालचं काय करतंय. भजनी मंडळानं दुरुस्त झालेली पेटी आठवड्यात परत आणली. त्यांचा म्होरक्या मोठ्या अदबीनं म्हणाला, "मास्तर, पेटी ग्वाड हाय, पर जरा झोकांड्या खाती." मी तीन रात्री जेवलो नाही असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे जेवलो, फक्त चव लागली नाही.

ही बातमी कागलला पोचली. कागलला आमची लेक, आक्का, दिली आहे. तिचे यजमान हंबीरराव हे इतके सभ्य गृहस्थ आहेत की त्यांच्याशी भांडायला जागाच सापडत नाही. ते आले, बसले, चहा प्याले, आणि म्हणाले, "मामा, असं एकटं ऱ्हाणं काय खरं न्हवं. घराला कुलूप घाला, कागलला चला. पडवी मोकळी हाय तुमच्यासाठी."

मी म्हणालो, "माझं काम आहे इथं."

"काम व्हतंय व्हय?" हंबीररावांनी हे इतक्या मायेनं विचारलं की मला राग फार आला. शेवटी असं ठरलं: कागलच्या संगीत मंडळींची पायपेटी पार बेसूर झाली होती, ती ते माझ्याकडं धाडणार. नवरात्राच्या आधी मी ती एकट्यानं सुरात लावून दिली, तर कुलपाचा विषय परत कधी निघणार नाही. नाही जमलं, तर दसऱ्याला मी कागलच्या पडवीत. पडवी चांगली आहे. तिथून उसाचा फड दिसतो. पण माणसानं दिवसभर उसाकडं किती बघायचं, याला काही मर्यादा असते.

आता भाता ओढायला माणूस नाही, तर हवाच कोंडून ठेवावी आणि लागेल तशी सोडावी, असं माझ्या मनात आलं. मिरजेला एक सोडावॉटरचा कारखाना मोडीत निघाला होता. त्याची लोखंडी टाकी, हवा भरायचा पंप, पंपाचं माणसाच्या छातीएवढं चाक आणि आत हवा किती भरली ते दाखवणारी काट्याची तबकडी, असा सगळा सरंजाम मी आगगाडीनं आणवला. स्टेशनापासून बैलगाडीनं तो पेठेत आला तेव्हा मागं इतकी माणसं होती की दोघातिघांनी मला 'कोण गेलं?' म्हणून विचारलं.

शेजारच्या झुंबरबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि आमच्या मंडळींच्या मागं माझ्यावर लक्ष ठेवणं ही जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली आहे.

"ह्यात काय ठिवनार?" त्यांनी विचारलं.

"हवा."

"हवा? आवो, बाहीर काय कमी हाय व्हय, की कोंडून ठिवायलाय?"

"कामाला लागते."

"मी सांगतो तुमास्नी, कोंडलेली हवा वाईट. आमच्या मामंजींच्या पोटात कोंडली हुती, त्यातच गेले." आणि मग भिंतीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "टाकी फुटली म्हंजी माझी भित्त कुनी बांधायची, ते आदी सांगा."

भिंतीची ही काळजी त्यांनी मनात ठेवली नाही. ती फिरत फिरत एका कचेरीत पोचली. कोणत्या कचेरीत ते मी सांगणार नाही; माझं पेन्शन अजून चालू आहे. तिथून चिठ्ठी आली की राहत्या घरात बॉयलर बसवल्याबद्दल समक्ष येऊन खुलासा करावा. मी धुवट कोट घालून, पगडी नीट बसवून गेलो. समोरचा कारकून माझ्या लेकीच्या वयाचा होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "चिमणी किती उंच?"

"चिमणी नाही."

"मग धूर कुठून जाणार?"

"धूर होत नाही. आत जाळ नाही."

"जाळ नाही तर बॉयलर कसला?"

"मी तेच म्हणतोय. बॉयलर नाही."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "बॉयलर नाही, तर मग बॉयलरच्या खुलाशाला तुम्ही आलात कशाला?"

कागद अडवायची विद्या मला नवी नाही, पण इतक्या थोड्या वेळात माणसाला इतका मूर्ख ठरवणं आमच्या पिढीला साधलं नव्हतं. मनातल्या मनात मी त्याला मानलं. मग त्यानं टाकीत काय असतं ते विचारलं. मी 'हवा' म्हणालो. हवेचा रकाना त्यांच्याकडं नव्हता. पाण्याचा होता. बऱ्याच विचारानं माझी टाकी 'पाण्याची, सध्या रिकामी' म्हणून मंजूर झाली, आणि तिच्यावर झाकण ठेवावं, डास होऊ देऊ नयेत, अशी समज देऊन मला घरी पाठवण्यात आलं.

घरी येऊन चाकाला हात घातला. चाक हललं. मी जरा जास्त हललो. अर्धा तास फिरवल्यावर तबकडीवरचा काटा जागचा सरकला असावा असं वाटलं, पण तो माझ्या डोळ्यांपुढं आलेल्या अंधारीचाही परिणाम असेल. झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या, "घाण्याचा बैल लावा की." त्या दिवशी मी पाटावर बसलो आणि कागलच्या पडवीचा गंभीरपणे विचार केला.

गल्लीच्या टोकाला तालीम आहे. महाराजांनी कुस्तीचं असं वेड लावलंय की करवीरात एक वेळ पेठेला विहीर नसेल, पण तालीम असतेच. तिथले वस्ताद कुतुबुद्दीन. अंग आता उतरलंय, मात्र मोडलेले कान अजून जुन्या मैदानांची साक्ष देतात. चाकाचा करकर आवाज ऐकून ते आत आले. टाकीभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावला, एकदा गोल फिरवून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मास्तर, ह्यो तर झ्याक जोर हाय. खांद्याला बी हाय, पोटऱ्यास्नी बी हाय. आमची पोरं सकाळच्याला तालमीच्या हौद्यातनं निघाली की हिकडं धाडतो. तुमची हवा व्हईल, त्यांची मेहनत व्हईल."

"पण त्यांना काय द्यायचं?"

"ताक असंल तर द्या. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

असे पिराजी आणि निसार माझ्या घरी यायला लागले. पिराजी दाराएवढा, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. निसार त्याच्या निम्मा, पण दोघांचं बोलणं तोच बोलायचा. अंगाला तांबडी माती, हातात ताकाचे तांबे, आणि चाक असं फिरायचं की काटा बघता बघता वर. काटा वर जायचा तसा संध्याकाळपर्यंत खालीही यायचा. टाकी कुठंतरी गळत होती. मी रिठ्याचा फेस लावून लावून शोधलं, बुडबुडा कुठं दिसेना. त्यामुळं रोज सकाळी पोरं, रोज सकाळी ताक. झुंबरबाई ताक पाठवायला लागल्या आणि ताकामागून सल्लेही.

पहिली परीक्षा मात्र फसली. टाकीची नळी मी सरळ खोक्याला जोडली, वर कागलच्या पायपेटीतला एक सूर बसवला, तोटी उघडली. सूर वाजला नाही. तो खोक्यावरून उठला, खिडकीतून गेला, आणि झुंबरबाईंच्या मांडवावरच्या दुधी भोपळ्यात शिरला. बाईंनी भोपळा सुरासकट आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. ते त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं.

टाकीतली हवा सरळ सुरावर सोडायची नसते, आधी तिला कुठंतरी थोपवून नरम करावं लागतं, हे मला तेव्हा समजलं. त्यासाठी मोठी कातडी पिशवी हवी. पखालीवाल्याकडं एक जुनी पखाल मिळाली. टाकीतली हवा पखालीत, पखालीवर वजनाला फळी, आणि पखालीतून हवा खोक्यात. भरल्यावर पखाल अशी फुगून बसायची की निसार आत येताना तिला रामराम करायचा.

सगळं जुळत आलं होतं. आणि मग टाकीची कुस्ती झाली.

टाकीच्या माथ्यावर एक झडप होती. हवा बेताबाहेर भरली की ती आपोआप उघडायची आणि सूं करून जादा हवा सोडून द्यायची. हे मला फार शहाणपणाचं वाटायचं. तालमीला ते पटेना. त्यांच्या हिशेबी एका बाजूला पिराजी होता, दुसऱ्या बाजूला टाकी, आणि दर वेळी पिराजीला घाम फुटायच्या आत टाकी सुटून जात होती. "ही काय निकाली न्हवं," निसार म्हणाला. "कुस्ती निकाली झाली पायजे, मास्तर. येक तर पिराजी बसंल, न्हायतर काटा." ही गोष्ट इतर कुठल्या गावी कोणाच्या डोक्यात आली नसती. आमच्या गावी ती कोणालाच चुकीची वाटली नाही. रविवारी गल्लीतली माणसं बघायला जमली. मी देवळात गेलो होतो. परत आलो तेव्हा झडपेवर लाल लंगोट करकचून आवळलेला होता आणि पिराजी चाक फिरवत होता.

"सोडा, सोडा तो," असं मी म्हणालो असेन. टाकीला काही झालं नाही. मिरजकरांचं लोखंड पक्कं. सुटली ती रबरी नळी. सुटली आणि गाडीखानाभर फिरली. आधी तिनं कोपऱ्यातला लाकडाचा भुसा उचलला, मग पितळेचा कीस, मग वस्तादांचा पटका, आणि दारातून बाहेर जाऊन झुंबरबाईंच्या खाटेवरच्या शेवया गल्लीभर पोचवल्या. धूळ खाली बसली तेव्हा टाकी जागच्या जागी उभी होती आणि पिराजी बसला होता. गल्लीनं निकाल टाकीच्या बाजूनं दिला.

वस्तादांनी शांतपणे लंगोट सोडला, झटकला, आणि निसारच्या हातात दिला. "ह्यो जितला हाय तितं बांध," ते म्हणाले. "हितनं फुडं टाकीसंगं जोर करायचा, कुस्ती न्हाय." त्या दिवशी मी ओरडणार होतो. पण गाडीखान्यात माणसं होती, हसत होती, कोणी शेवया वेचत होतं, कोणी माझ्या पाठीवरचा भुसा झटकत होतं. मला ओरडावंसं वाटलं नाही.

नवरात्र तोंडावर आलं. एका दुपारी मी दार लावून कामाला बसलो. टाकी भरलेली, पखाल फुगलेली. तोटी हळूच उघडली आणि पहिला सूर लागला. काय सांगू, सुतळीला ओळंबा लावून सोडावा तसा सरळ. ना हलला, ना डुलला. मी घासलं, ऐकलं, घासलं, ऐकलं. एक सूर झाला, दुसरा झाला, दुपार कुठं गेली कळलं नाही. एक सूर फार दिवसांनी मनासारखा लागला, आणि कानस खाली ठेवून मी म्हणालो, "बास गं, झालं."

हवा थांबली नाही. सूर वाजतच राहिला. मी परत 'बास' म्हणणार होतो. मग लक्षात आलं, आणि उठून स्वतःच्या हातानं तोटी बंद केली. त्या दिवशी पुढं काम झालं नाही. मी रडलो. सांगायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पायपेटी वेळेत कागलला गेली. तिथल्या संगीत मंडळींनी ती वाजवली आणि निरोप पाठवला की मास्तरांना तोड नाही. हंबीरराव समक्ष आले, गाडीखाना बघितला, टाकी बघितली, पखालीला उगीच हात लावून बघितला. "मामा, जिंकलासा तुमी," ते म्हणाले. "एकट्यानं केलासा. आता मी काय बोलत न्हाय." ते खरंच काही बोलले नाहीत. चहा पिऊन कागलला गेले, आणि मी एकट्यानं जिंकलेल्या घरात बसलो.

वेळ होता म्हणून गळतीच्या मागं लागलो. सापडली ती टाकीच्या बुडाला, एका रिबिटाच्या खिळ्यापाशी, बोट जाणार नाही अशा जागी. सफेता आणि ताग भरून ती मी अशी बंद केली की दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जिथं होता तिथंच. मला फार अभिमान वाटला. पिराजी आणि निसार आले, काट्याकडं बघितलं. "भरल्याली हाय," निसार म्हणाला. "हो," मी म्हणालो, "गळती काढली." दोघं थोडा वेळ उभे राहिले. ताक प्याले. दुसऱ्या दिवशी निसार एकटाच दारातून डोकावला. मग तोही यायचा थांबला. त्यांची काही चूक नाही. भरलेल्या टाकीत कोण काय भरणार. झुंबरबाईंचं ताकही थांबलं, कारण पिणारं कोणी नव्हतं. भिंतीला हादरा नाही, मग बोलायला तरी काय विषय. सबंध आठवड्यात माझ्याशी कोणी बोललं असेल तर तो पोस्टमन, आणि तोही घर चुकला होता.

म्हणून एका दुपारी मी तोटी उघडली. नुसतीच उघडली. ना पखाल जोडली, ना खोका. सगळी हवा गाडीखान्यात सोडून दिली. सकाळी तालमीत जाऊन सांगितलं, गळती परत सुरू झालीय, कुठून ते समजत नाही. पोरं आली. चाक फिरलं, ताक आलं, झुंबरबाई भिंतीवरून निसारला रागावल्या. दुपारी सगळे गेल्यावर मी परत तोटी उघडली. असं मग रोजच व्हायला लागलं.

परवा दुपारी मी असाच तोटी उघडून स्टुलावर बसलो होतो, तेव्हा दार ढकलून वस्ताद आत आले. विसरलेला टॉवेल न्यायला आले होते म्हणे. तोटी उघडी असली की लहान आवाज होत नाही. लपवायला काही जागाच नव्हती. मी उठलोही नाही. वस्तादांनी तोटीकडं बघितलं, काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गळती हाय जनू," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणालो.

"मोठी हाय. आसली गळती लवकर काय भरून येत न्हाय, मास्तर. सांगतो पोरास्नी, रोज याला लागंल म्हनून."

वस्तादांनी भिंतीकडचा पाट ओढला, धोतर सावरून त्यावर बसले, आणि काटा पार खाली येईपर्यंत तेही तिथंच बसून राहिले.